जिन्यातला खोकला

बाई खोकली नाही.

आता यात दचकण्यासारखं काय, असं कुणीही विचारेल. छातीच्या विभागाबाहेर एक बाई बाकावर बसते, पाळी येईपर्यंत एकदाही खोकत नाही, तर उलट बरंच वाटायला हवं. आमच्या त्या लांबलचक बोळात झाडून सगळे खोकतात. कोरडे, ओले, शिट्टी वाजल्यासारखे, जुनं कापड टर्रकन फाडल्यासारखे. इतकी वर्षं ऐकून भिंतींनाही ढास लागली असेल, असं मी म्हणत असतो. मी इथे छातीचे फोटो काढतो. माणसाला फळीला चिकटवून उभं करायचं, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि मग शिशाच्या आडोशामागे जाऊन तेच ते म्हणायचं: श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. दिवसभर हेच म्हणत असल्यामुळे घरी जेवतानासुद्धा मी मध्येच 'सोडा' म्हणतो, असं आई सांगते. तर त्या सकाळी पुढच्याला हाक मारायला म्हणून मी दारातून डोकं बाहेर काढलं आणि ती दिसली. गुडघ्यांवर हात, पाठ ताठ, पायांत खात्याचे ते काळे रबरी तळव्यांचे बूट. मी धसकलो. तो धसका नेहमीचाच, तिला पाहिलं की बसतो. पण त्या धसक्यामागून आणखी काहीतरी आलं, ते काय हे लगेच कळेना. मी आत गेलो, एका म्हाताऱ्याचा फोटो काढला, बाहेर आलो, पुन्हा आत गेलो, आणि मग लक्षात आलं. इतका वेळ झाला, आणि ही बाई खोकलेली नाही.

कारण ही बाई खोकते म्हणजे खोकतेच. आमच्या अख्ख्या इमारतीत तिला 'खोकली' म्हणतात, आणि ते नाव पसरलं माझ्याच तोंडून. ती आमची पाहणीबाई. संध्याकाळी दिवे लागले की कधीतरी येते. रोज नाही, ठरलेल्या दिवशी नाही, कारण नेम नसावा हाच तिथला नेम आहे. आमच्या दारांना आतून कड्या नाहीत. त्या खात्याच्या माणसांनी फार मागे काढून नेल्या, पोत्यांत भरून, आणि चौकटींना स्क्रूची भोकं राहिली ती राहिलीच. आईने आमच्या भोकांत मेण भरलं. वारा येतो म्हणाली. तेवढ्याशा भोकांतून कसला आलाय वारा. दार नुसतं लोटलेलं असतं. पाहणीबाईने ते वाजवायचं नाही, हाक मारायची नाही, सरळ आत यायचं आणि माणसं जशी असतील तशी पाहायची. त्यासाठीच ते रबरी बूट. मांजरालासुद्धा चाहूल लागू नये असे. पण आमच्या बाईला पहिल्या पायरीपासून जी ढास लागते, ती काही विचारू नका. आधी एक छोटा खोकला, घसा साफ केल्यासारखा, मग पोटातून आलेले दोन मोठे. मधल्या वळणावर पुन्हा तेच. आणि आमच्या दारासमोर तर उभी राहून अशी खोकते की कपातला चहा हिंदकळावा. मी दर वेळी मनात म्हणायचो, अगं बाई, एवढी आजारी आहेस तर घरी बस की. लोकांच्या घरात येऊन कशाला थुंकी उडवतेस.

तो खोकला ऐकला की आमच्या घरात काय होतं, तेही सांगायला हवं. बाबा ओरडतात, "ठके, आलीस का गं?" ठकी म्हणजे माझी ताई. ती वजा झाली. आमच्याकडे असंच म्हणतात. मेली नाही, गेली नाही, पळाली नाही, नुसती वजा झाली, आणि वजा झालेल्या माणसाचा घरात पुन्हा उच्चार करायचा नाही. तिचा पलंग नेला, कपडे नेले, नकाशे काढायच्या तिच्या पेन्सिली नेल्या. ती नकाशांच्या छापखान्यात होती. तिने काय केलं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि विचारण्याची सोय नव्हती. मी आणि आई पटकन शिकलो. माणूस सगळं शिकतो. दोन पोरांतलं एक पोर कधी नव्हतंच, अशा तऱ्हेने बोलायला, बसायला, ताटं वाढायलासुद्धा शिकतो. आणि काही वर्षांनी तर मला स्वप्नातही ताई दिसेनाशी झाली, इतका मी हुशार विद्यार्थी निघालो. बाबा मात्र नापास झाले. त्यांची आठवण आधीच विरत चालली होती, त्यात आधी गेलं घराचं भाडं, मग माझं काम, मग आईचं नाव, आणि त्या गळतीत खात्याचा हुकूमही वाहून गेला. ठकीला विसरायचं असतं, हेच ते विसरले. लहानपणी शाळेतून आली की ताई खालच्या पायरीवरून गळा काढायची, आई, भूक. आणि बाबा वरून म्हणायचे, ठके, आलीस का गं. तेवढं तेवढं शिल्लक राहिलं. जिन्यात आवाज झाला की ठकी आली. आणि जिन्यात आवाज करणारं दुसरं होतं कोण? सगळी इमारत मेली चोरपावलांनी चालते. आवाज करायची ती फक्त खोकली.

म्हणजे जिन्यात खोकला सुरू झाला की बाबा सुरू, आणि बाबा सुरू झाले की आईचं केळं सुरू. केळ्यांची युक्ती आईची. ती आयुष्यात कुठल्याही संकटाला काहीतरी खायला करूनच सामोरी गेलेली बाई. खोकला वळणावर येतो तोवर केळं सोलून व्हायचं, दाराशी येतो तोवर बाबांच्या तोंडात गेलेलं असायचं, चांगला मोठा घास, आणि दार उघडायचं तेव्हा गाल फुगवून शांतपणे चावत बसलेला एक म्हातारा दिसायचा. बाबांना केळी आवडत नाहीत. आधी कधीच आवडली नव्हती. पण तोंडात घातलेलं खायचं, एवढा शहाणपणा त्यांच्यात उरला होता. पाहणीबाई आत येऊन फळीवरची भांडी बघायची, खिडकी बघायची, माझ्या खाटेखाली वाकायची. बाबांकडे पाठ करून उभी राहायची, आणि त्यांचा घास संपतोय न संपतोय तोच बाहेर पडायची. मी दर वेळी म्हणायचो, सुटलो. नशीब आपलं. या नशिबावर मी इतका विसंबून होतो की ते दर वेळी वेळेवर कसं येतं, याचं मला कधी नवलही वाटलं नाही. मध्यंतरी ती काही दिवस दिसली नव्हती, तिच्या जागी एक तरुण मुलगी यायची, निरोगी, टवटवीत, वाऱ्यासारखी. त्याच दिवसांत खालच्या मजल्यावरचे शिंपी वजा झाले. ते घरात बसून चौकातल्या भोंग्यावरच्या निवेदकाची नक्कल करायचे, फार हुबेहूब, आणि त्यांची बायको तोंडावर उशी दाबून हसायची. वर्षानुवर्षं करत होते. त्या मुलीने दार ढकललं तेव्हा म्हणे उशी बायकोच्या तोंडावर होती आणि शिंपी स्टुलावर उभे होते. ती आमच्याकडेही आली, पण तेव्हा बाबा झोपलेले. मी म्हणालो, शिंप्यांचं नशीब खोटं. बस, एवढंच म्हणालो.

हे सगळं मला त्या सकाळी एकदम, ओळीने आठवलं असं नाही. तिला आत बोलावलं तेव्हा डोक्यात नुसती कुरकुर होती. तिच्याबरोबर खात्याचा एक माणूस होता, गोल चेहऱ्याचा, सारखा घाम पुसणारा. तो दारातच खुर्ची ओढून बसला आणि त्याने मला चिठ्ठी दिली. चिठ्ठीत विचारलं होतं की सदर बाईंना खोकला आहे का. असल्यास संसर्ग होणारा आहे का, म्हणजे कामावरून काढता येईल. आणि नसल्यास त्वरित कळवावे. 'त्वरित'खाली रेघ होती. त्या माणसाने आपण होऊन खुलासा केला, गप्पिष्ट होता बिचारा, की साहेब नवीन आलेत, त्यांचं म्हणणं, बाकीच्या इमारतींत इतकं काय काय सापडतं, या बाईंच्या इमारतींत काहीच कसं सापडत नाही. हे बोलताना तो हसत होता. कोपऱ्यात वर भिंतीत खात्याची ऐकणारी जाळी होती, तिच्याकडे मी सवयीने एकदा बघितलं. आमच्या विभागात त्या जाळीला सासूबाई म्हणतात, म्हणजे सासूबाई नसताना म्हणतात. मी बाईंना म्हटलं, या, इथे उभ्या राहा. त्यांनी हनुवटी फळीवर टेकवली. मानेवर बारीक केस होते, पांढरे, ओले. मी इतक्या वर्षांत तिला कधी मागून बघितलं नव्हतं, आणि इतक्या जवळून तर नाहीच. हात कंबरेवर ठेवा म्हटलं तर ठेवले. मी आडोशामागे गेलो, म्हटलं, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. फोटो निघाला. मी फिल्म घेऊन काळ्या खोलीत गेलो, आणि दार लावलं. ते एक दार मात्र आतून लागतं. प्रकाश येऊ नये म्हणून त्याला खात्यानेच कडी ठेवलेली आहे, आणि मी ती लावतो तेव्हा दर वेळी हाताला बरं वाटतं.

तांबड्या दिव्याखाली फिल्म पाण्यासारखी हलत असते. आधी काहीच नसतं, मग खांद्याची हाडं, मग बरगड्या एकेक, मग मधली हृदयाची सावली. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. छाती स्वच्छ होती. नुसती स्वच्छ नाही, इतकी स्वच्छ छाती मी त्या महिन्यात पाहिली नव्हती. या फुप्फुसांत खोकला नव्हता, कधी नव्हताच. आणि मग त्या औषधांच्या वासात, तांबड्या अंधारात मला ते ऐकू आलं. छोटा एक, मोठे दोन. पायरीवर, वळणावर, दारासमोर. शिंप्यांना स्टुलावरून उतरायला वेळ मिळावा, उशी पुन्हा उशीच्या जागी जावी, केळं सोलून व्हावं. खोकला नव्हताच तो. ती दार वाजवत होती. सगळ्या शहरातलं दार वाजवणं बंद झालं होतं आणि ही एकटी बाई संध्याकाळच्या वेळी, रबरी बूट घालून, घसा खरवडून दार वाजवत होती, आत येऊ का म्हणून विचारत होती, आणि आम्ही तिला खोकली म्हणत होतो.  मी त्या अरुंद खोलीत फिल्म धुण्याच्या टाकीची कड धरून उभा राहिलो आणि मला आधी भीती नाही वाटली, लाज नाही वाटली, आधी वाटलं ते अगदी वेगळं: कुणीतरी इतकी वर्षं माझ्या बापाची काळजी घेत होतं. मला वाटायचं आम्ही तिघं एकटेच आहोत. एकटे नव्हतो. एवढंच काय ते, पण मला तिथे हुंदका आला, आणि मी तो खोकल्यावारी नेला.

मग डोकं चालू लागलं. ही फिल्म तशीच बाहेर गेली तर 'त्वरित'. आणि तिला काही भयंकर आजार आहे असं दिसलं तरी ती घरी, आणि जिन्यात ती वाऱ्यासारखी मुलगी. मग बाबा किती दिवस? केळं सोलून होईल एवढा वेळ, त्याहून जास्त स्वातंत्र्य आमच्या घराकडे कधी नव्हतं. आणि तेवढ्यात आमचं सगळं भागलं होतं. मला हवा होता जुना, मळका, निरुपद्रवी खोकला, जो बरा होत नाही आणि कुणाला लागत नाही. मी हात वर केला आणि पांढरा दिवा लावला. न धुतलेल्या फिल्मवर उजेड पडला की सगळं काळं होतं. बरगड्या, हृदय, सगळं बुडून गेलं. नवशिकी पोरं करतात ही चूक, आणि मी त्यांना त्यावरून काय काय बोललेलो आहे. बाहेर येऊन मी त्या गोल माणसाला काळी फिल्म दाखवली, म्हटलं, साहेब, दिव्याने घात केला, परत काढावी लागेल. तो म्हणाला, होतं असं, माझ्याकडून तर रोज होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. घाबरलेल्या होत्या, आणि त्याहीपेक्षा थकलेल्या होत्या. का खोकली नाही ती बोळात, हे मला तेव्हा जरा कळल्यासारखं वाटलं. जिना चढताना खोकायची तिला सवय होती, ते दुसऱ्यासाठी होतं. स्वतःसाठी खोकायचं तिला सुचलंच नव्हतं.

जाळी वर होती. माणूस दारात होता. मी तिचे खांदे फळीला नीट लावले आणि रोजच्या आवाजात म्हणालो, "बाई, खोकला दाबून धरताय का? इथे दाबायचा नाही. आमच्या जिन्यात खोकता तसं मोकळं खोका."

ती हलली नाही. फळीकडे तोंड असल्यामुळे मला चेहरा दिसत नव्हता. त्या गोल माणसाने विचारलं, म्हणजे तुम्ही यांच्याच इमारतीतले का? मी म्हटलं, हो, कान किटले आमचे. तो हसला. आणि मग तिने खोकून दाखवलं. छोटा एक, मोठे दोन. बोळातले सगळे क्षणभर गप्प झाले, इतका तो मोठा होता. मी आडोशामागे गेलो. शिकत होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक चूक केली होती, आणि मास्तरांची बोलणी खाऊन कानाला खडा लावला होता: फोटो भरलेल्या श्वासावर काढायचा, सोडलेल्या श्वासावर काढला तर चांगली छातीही खाली दाटून येते, धुरकट दिसते, जुनी सूज असावी तशी. मी म्हणालो, "बाई, श्वास सोडा. पूर्ण सोडा. आणखी सोडा. आता थांबा." तिने सोडला. इतका लांब सोडला की संपेचना. असा श्वास तिने किती दिवसांनी सोडला असेल कोण जाणे. मी बटण दाबलं.

आमचे छातीचे डॉक्टर तिरसट आहेत. चांगल्या फिल्मला ते कधी चांगली म्हणत नाहीत, वाईट फिल्म मात्र उचलून सगळ्यांना दाखवतात. कुठलीही फिल्म दिव्यासमोर लावली की आधी पेन्सिलीने बरगड्या मोजायच्या, ही त्यांची खोड. श्वास पुरता भरला होता की नाही ते त्यात कळतं. त्यांनी मोजायला सुरुवात केली. मी त्यांच्या मागे उभा, माझ्या मागे तो गोल माणूस, त्याच्या मागे बाई. पेन्सिल वरून खाली येत होती, आणि जिथे आणखी बरगडी असायला हवी होती तिथे येऊन थांबली.  डॉक्टरांनी मान वळवली नाही. ते तसेच फिल्मकडे बघत राहिले, मग पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले की जुनी सूज आहे, लागण नाही, कामाला हरकत नाही, खोकला राहील. त्या माणसाने विचारलं, राहील म्हणजे किती दिवस? डॉक्टर म्हणाले, "राहील म्हणजे राहील. जन्मभर. लिहून घ्या आणि साहेबांना सांगा, खोकल्यासकट चालवून घ्या." त्यांनी एका कडू औषधाची मोठी बाटली लिहून दिली. सगळे निघाले तसे मला म्हणाले, फिल्म उत्तम आलीय. उभ्या जन्मात त्यांनी मला असं म्हटलं नव्हतं. त्यांच्या इमारतीतली पाहणीबाई कशी आहे, खोकते की नाही, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ते कितीही खेकसले तरी मला ते गोडच लागतं.

घरी जाताना रस्त्याने मला प्रत्येक माणूस वेगळा दिसत होता. एका दारवानाने दार उघडण्याआधी किल्ल्यांचा जुडगा उगाच खुळखुळवला. एका बाईने खिडकी लावण्याआधी जरा जास्तच वेळ ओढली, करकर करत. कोण जाणे, सवयीनेही असेल, मला सगळीकडेच खोकले ऐकू येत असतील. आईला मी काही सांगणार नव्हतो, पण ती भांडी विसळत होती आणि नळ मोठा सोडलेला होता, म्हणून तिच्या कानाशी जाऊन एवढंच म्हणालो की पाहणीबाई आज दवाखान्यात आली होती, तिला खोकला नाहीये. आईने वाटी उपडी घातली. "आत्ता कळलं तुला?" म्हणाली.  ती म्हणाली, आजारी माणूस खोकताना तोंड फिरवतो रे, रुमाल धरतो. ही दाराला तोंड लावून खोकते. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? त्यावर आई म्हणाली की तुला सांगितलं असतं तर तू तिच्याकडे बघून हसला असतास, आणि तुला हसू लपवता येत नाही, लहानपणापासून. हे खरं आहे. ती सांगत होती, मी त्या बाईला खोकली म्हणायचो तेव्हा आईला फार बरं वाटायचं, कारण मनापासून म्हणायचो. मग तिने नळ बंद केला आणि आम्ही पुन्हा काहीच माहीत नसलेले झालो.

त्यानंतर बरेच दिवस कुणी आलं नाही. रोज संध्याकाळी मी जिन्याकडे कान लावून बसायचो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पाहणीची वाट पाहत होतो. टवटवीत मुलगी आली तर कळणारही नव्हतं. म्हणून आई दिवे लागले की केळं हातात घेऊनच बसायची, आणि बाबा त्या केळ्याकडे रागाने बघत बसायचे. आणि मग एका संध्याकाळी खाली, पहिल्या पायरीवर, छोटा एक. मी डोळे मिटले. मोठे दोन. माझ्या जिवात जीव आला. पण या वेळी खोकल्याबरोबर कुणाची तरी धापही वर येत होती, जड, माणसाची. आईने माझ्याकडे बघितलं. बाबांनी मान उचलली, "ठके, आलीस का गं?" आईने घाईने केळं सोललं, घास पुढे केला, आणि बाबांनी तोंड फिरवलं. पुन्हा पुढे केला, त्यांनी हाताने बाजूला सारला. पुरे झाली केळी, म्हणाले, स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात. दारासमोर ती खोकत होती. खोकत राहिली, एरवीपेक्षा किती तरी जास्त, जणू तिला आतलं दिसत होतं. पण खोकल्यालाही कधीतरी संपावं लागतं. दार ढकललं गेलं. ती होती आणि तिच्या खांद्यामागे तो गोल माणूस, घाम पुसत, खोलीभर नजर फिरवत. बाबांचं तोंड रिकामं होतं.

ते तिच्याकडे टक लावून बघत होते. आम्हा दोघांकडे ते असं कधी बघत नाहीत आता. म्हणाले, "ठके, खोकला वाढलाय तुझा. किती दिवस अंगावर काढणार आहेस? औषध घे."

 ते नाव त्या खोलीत, दार उघडं असताना, खात्याच्या माणसासमोर कित्येक वर्षांत उच्चारलं गेलं नव्हतं. आईच्या हातातलं केळं मोडून फरशीवर पडलं. त्या माणसाच्या भुवया वर गेल्या होत्या. काहीतरी विचारायला त्याने तोंड उघडलंच होतं. पाहणीबाईने पिशवीत हात घातला, दवाखान्याची ती मोठी बाटली काढली आणि बाबांपुढे धरली.

"घेतेय बाबा," ती म्हणाली. "ही बघा. पण फार कडू आहे."

"कडू असायचंच," बाबा म्हणाले. "नाक दाबून घ्यायचं. लहानपणी घ्यायचीस ना."

"घेईन," ती म्हणाली.

तो माणूस मोठ्याने हसला. म्हातारबांना तुमच्या खोकल्याची साहेबांपेक्षा जास्त काळजी आहे की हो, म्हणाला, आणि फळीवरची भांडी बघायला लागला. तीही त्याच्याबरोबर खिडकी बघायला गेली, खाटेखाली वाकली, सगळं यथासांग केलं. जाताना ती दारात आली तेव्हा आई तिथे उभी होती. आई कुणालाही अहोजाहो करते, दुधवाल्याच्या पोरीलासुद्धा. ताई वजा झाल्यापासून तिच्या तोंडी कुणासाठी 'गं' आलेला मी ऐकलेला नाही. तिने बाईंच्या बाटलीचं सैल झालेलं झाकण नीट फिरवून दिलं आणि म्हणाली, "वेळेवर घेत जा गं." बाईंनी मान हलवली. दोघींपैकी कुणीच रडलं नाही. मला मात्र भांड्यांकडे तोंड करून उभं राहावं लागलं, कारण मला तेही लपवता येत नाही. कुणाचे उपकार असे असतात की आभार मानले तर त्या माणसाचा जीव जाईल. ते नुसते अंगावर वागवायचे असतात, उबेसारखे, आणि आपण काय करू शकतो, तर त्या माणसाला जन्मभर पुरेल असा खोकला देऊ शकतो. आता तिला कचेरीतही खोकावं लागतं, रस्त्यावरही, आणि ते कडू औषध रोज सगळ्यांसमोर प्यावं लागतं. ते तिने अंगावर घेतलंय.

दार लोटलं गेलं. वरच्या जिन्यावर खोकला सुरू झाला, छोटा एक, मोठे दोन, आणि आमच्या डोक्यावर कुणाची तरी खुर्ची सरकली, काहीतरी घाईने उचललं गेलं, कपाट बंद झालं. बाबा छताकडे बघत होते.

"आता कुठे चालली ही?" त्यांनी विचारलं.

"वरच्यांना सांगायला, बाबा," मी म्हणालो. "आलेय म्हणून."

त्यांना ते पटलं. आईने दुसरं केळं सोललं, अर्धं मला दिलं, आणि उरलेलं स्वतःच खाल्लं.